मार्नी

मार्नी : मनोविश्लेषणात्मक थरारपट (१९६४). दिग्दर्शक ॲल्फ्रेड हिचकॉक. इंग्रज लेखक विन्स्टन ग्रॅहम यांच्या १९६१ मधील कादंबरीवर आधारित. नाव बदलून नोकऱ्या धरणारी आणि तिजोरी रिकामी करून पसार होणारी मार्नी (टिपी हेड्रन) लाल रंगाला, वादळाला आणि पुरुषस्पर्शाला घाबरते. या भीतीचे मूळ बॉल्टिमोर बंदरातल्या तिच्या घरात आहे. आई खलाशांना शरीर विकत असे. एका वादळी रात्री घाबरलेल्या मुलीजवळ एक खलाशी आला, आईशी त्याची झटापट झाली आणि लहानग्या मार्नीने त्याला लोखंडी सळईने मारले. ती आठवण मनाने पुसली. भीती मात्र उरली. चित्रपटात या घराच्या गल्लीच्या टोकाला दिसणारे अवाढव्य जहाज रंगवलेल्या पडद्यावरचे आहे. समीक्षकांना ते खटकले. वास्तविक, दबलेली आठवण अशीच, घरावर झुकलेली दिसते.

मधुचंद्रात पतीने मार्नीवर केलेल्या बलात्काराचा प्रसंग मात्र आजही अस्वस्थ करतो, आणि करायलाच हवा. त्याला विरोध करणारे पटकथाकार इव्हान हंटर यांना काढून जे प्रेसन ॲलन यांच्याकडे लेखन सोपवले गेले. बर्नार्ड हेरमन यांचे संगीत लाभलेला हिचकॉकचा हा शेवटचा चित्रपट.