निगेटिव्हवरची पेन्सिल

कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे संचालक बघा, एकाच्याही डोळ्यांखाली जागरणाची खूण सापडत नाही. दोष फोटोशॉपच्या माथी मारून आपण मोकळे होतो. मूळ मात्र कॅमेऱ्याच्या एका जुन्या खोडीत आहे.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने फोटो उमटवायला कोलोडियनचा लेप दिलेली ओली काच आणली. तिला निळं दिसे, तांबडं जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे गालांवरची लाली, वांग, रापलेली कातडी फोटोत काळपट उमटे. पैसे मोजून असा चेहरा कोण नेणार? म्युनिकच्या फ्रान्त्स हान्फश्टेंगलने १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो मांडले, एक हात फिरवलेला, दुसरा जसाच्या तसा. हा गृहस्थ मूळचा शिळाछापाचा कारागीर, पेन्सिल त्याच्या हातातलीच.

काम चाले निगेटिव्हवर. काच तिरक्या चौकटीत ठेवून खालच्या आरशाने खिडकीचा उजेड वर घ्यायचा. राळेचं पातळ द्रावण चोळलं की पेन्सिल धरते. मग सुईसारख्या टोकाने ठिपके आणि स्वल्पविराम. सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक असते; तिथे शिसं भरलं की कागदावर ती उजळते. उजळ जागा गडद करायची तर चाकूने खरवडायचं. हात जड पडला की चेहरा मेणाचा! ३५ मिमीच्या फिल्मवर चेहराच नखाएवढा, तिथे पेन्सिल कुठे टेकवणार? पोर्ट्रेट स्टुडिओंनी मोठा कॅमेरा इतकी वर्षं सोडला नाही, त्याचं हे एक कारण.

१८७३मध्ये बर्लिनच्या रसायनज्ञ फोगेलने रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवं-पिवळं दाखवलं. विसाव्या शतकाच्या आरंभी तांबडं दिसणाऱ्या काचाही बाजारात आल्या. दुखणं गेलं, औषध चालूच राहिलं. गुळगुळीत चेहरा म्हणजेच चांगला फोटो, असं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसलं होतं. कोलोनच्या आउगुस्ट झांडरने उद्योगपतीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे हात न फिरवता १९२९च्या पुस्तकात छापले. माझ्या मते त्यांतले उद्योगपतीच जास्त भारदस्त दिसतात.

फोटोशॉप १९९०चं. २००२च्या सातव्या आवृत्तीत आलेला हीलिंग ब्रश डाग काढतो, पण आजूबाजूच्या कातडीचा पोत राखतो. मुरलेल्या पेन्सिलवाल्याचं कसब ते हेच. धंद्यातला आजचा रिवाजही समंजस आहे: पुटकुळी, कोटावरचा धागा, चष्म्यावरची चमक काढायची, तीळ आणि व्रण ठेवायचे, सुरकुती फक्त सौम्य करायची. पासपोर्टला मात्र हात फिरवलेला फोटो चालत नाही. त्यामुळे त्याच संचालकाचा खरा चेहरा बघायला मिळतो तो विमानतळावरच्या अधिकाऱ्याला.