३ मे १९१३ : उपाहारगृहातली तारामती

मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला. भारतीयांनी बनवलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. त्याची लांबी चार रिळांची होती. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, आणि तारामती झाले अण्णा साळुंके.

साळुंके ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात आचारी होते. पडद्यावर यायला एकही स्त्री तयार होईना, तेव्हा फाळक्यांनी या नाजूक बांध्याच्या तरुणाला नेसायला लुगडे दिले. हौदातल्या स्नानाच्या दृश्यात भिजलेल्या लुगड्यांतल्या तारामतीच्या सख्याही पुरुषच आहेत. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एवढी विलक्षण कारकीर्द आज फारशी कुणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे ऋणही तितकेच मोठे. दिवसा त्या साऱ्या चमूचा स्वयंपाक करत. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मच्या कडेला त्या एकेक भोक पाडत, कारण त्या भोकांवाचून फिल्म कॅमेऱ्यात सरकतच नसे. चित्रपट-तंत्र हाताळणाऱ्या भारतीय स्त्रियांचा इतिहास इथपासून मांडावा लागतो.

आज या मूकपटाची पहिली आणि शेवटची रिळेच उरली आहेत. तीही १९१७च्या पुनर्निर्मितीतली असावीत, असे काही अभ्यासक मानतात.