लिनक्सवर बॉइंक टाकताना दिसणारा इतिहास

डेबियन किंवा उबंटूवर बॉइंकचं क्लायंट पॅकेज टाकलं की काही गोष्टी आपल्याला न विचारताच होतात. 'बॉइंक' नावाचा एक वेगळा युजर तयार होतो. त्याला स्वतःचं वेगळं फोल्डर मिळतं. आणि मागे एक सर्व्हिस सुरू होते, जी सगळी आकडेमोड सर्वात खालच्या प्राधान्याने, म्हणजे नाइस १९ वर चालवते. इन्स्टॉल कसं करायचं हे सांगणारे बहुतेक जण इथे थांबत नाहीत. पण संशोधनात येणाऱ्यांनी थांबावं असं मला वाटतं, कारण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी जुन्या अडचणीचं उत्तर आहे.

अनोळखी लोकांच्या रिकाम्या संगणकांवर गणित करून घ्यायचं, ही कल्पना १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या गिम्प्स प्रकल्पात ठळकपणे दिसते. मर्सेन अविभाज्य संख्या शोधायच्या, हे काम. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिलं यश आलं: २ चा १३९८२६९ वा घात उणे १. पुढच्या वर्षी डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटवाल्यांनी ५६ बिटांची आरसी५ किल्ली सुमारे २५० दिवसांत फोडली. या दोन्ही कामांची एक सोय होती. 'सापडलं' असा कुणी दावा केला, तर तो तपासायला फक्त एकच संख्या किंवा एकच किल्ली पुन्हा बघायची. 'नाही सापडलं' हे उत्तर मात्र तपासायचं तर तेव्हा सगळं काम परत करावं लागायचं. गिम्प्समध्ये तशी दुसरी तपासणी व्हायचीही.

हा फरक खऱ्या अर्थाने अंगावर आला तो सेटी ॲट होमच्या. १७ मे १९९९ रोजी बर्कलीहून हा प्रकल्प खुला झाला. अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेला डेटा टेपवर साठवून टपालाने बर्कलीला यायचा. तिथे त्याचे साधारण ३५० किलोबाइटचे तुकडे व्हायचे. एका तुकड्यात १०७ सेकंदांचं आणि सुमारे १० किलोहर्ट्झ रुंदीचं 'ऐकणं' असायचं. विंडोजवाल्यांना रंगीत स्क्रीनसेव्हर मिळाला. लिनक्स आणि युनिक्सवाल्यांना टर्मिनलवर सरकणाऱ्या ओळी! (खरं सांगायचं तर चित्र काढण्यात वाया जाणारा वेळ वाचायचा, त्यामुळे नुकसान त्यांचं नव्हतंच.)

लोक इतके आले की डेटा कमी पडू लागला आणि एकच तुकडा अनेकांना पाठवावा लागला. हे पथ्यावरच पडलं. कारण कोणी किती काम केलं याची यादी जाहीर व्हायची आणि त्या यादीत वर जाण्यासाठी काही जणांनी प्रोग्रॅमच बदलला. कोणी तो वेगवान केला, तर कोणी न मोजताच निकाल पाठवले. बक्षीस काहीच नव्हतं, होती फक्त एक क्रमवारी. तरीही! मग दोन-तीन संगणकांची उत्तरं जुळली तरच निकाल मान्य करायचा, हा नियम पद्धतीचा भाग झाला.

डेव्हिड अँडरसन यांनी २००२ मध्ये बॉइंकचं काम सुरू केलं, तेव्हा हा अनुभव हाताशी होता. पण 'उत्तरं जुळणं' म्हणजे काय? इथे लिनक्सचा खरा संबंध येतो. दशांश अपूर्णांकांची गणितं वेगळ्या प्रोसेसरवर, वेगळ्या कंपायलरने, वेगळ्या गणिती लायब्ररीसह केली की शेवटचे अंक हलतात. रेणूंच्या हालचालीसारख्या सिम्युलेशनमध्ये तो सूक्ष्म फरक वाढत वाढत पूर्ण वेगळं उत्तर देऊ शकतो. म्हणजे विंडोजचा आणि लिनक्सचा निकाल वेगळा आला, तर लबाडी कुणाचीच नसते. यावर बॉइंकचा तोडगा साधा आहे: अशा कामाच्या प्रती एकाच जातीच्या यंत्रांना द्यायच्या. तुमच्या लिनक्स मशिनचं काम दुसऱ्या लिनक्स मशिनशीच ताडून बघायचं. पीएचडीत सिम्युलेशन करणार असाल तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येईल, तेव्हा आत्ताच ओळख झालेली बरी.

आता तो वेगळा युजर. बॉइंक प्रकल्पाकडून आलेला प्रोग्रॅम तुमच्या मशिनवर चालवतो. उद्या कुणी प्रकल्पाचा सर्व्हरच ताब्यात घेतला तर? म्हणून प्रोग्रॅमवर डिजिटल सही असते आणि सहीची गुप्त किल्ली नेटवर्कला न जोडलेल्या संगणकावर ठेवावी असा दंडक आहे. त्याउपर काही झालंच, तर त्या गरीब 'बॉइंक' युजरला तुमच्या होम फोल्डरमधला थीसिस बदलण्याचा अधिकार नसतो.

एक अडचण मात्र सॉफ्टवेअरने सुटत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या तंत्रज्ञाने तिथल्या संगणकांवर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचा क्लायंट टाकला. प्रकरण फौजदारी खटल्यापर्यंत गेलं. २००२ मध्ये एक वर्षाचं प्रोबेशन आणि सुमारे २१०० डॉलरच्या भरपाईवर ते मिटलं. मला ती कारवाई अतिरेकी वाटते, पण 'रिकामा' संगणक रिकामा आहे हे कोण ठरवणार, हा त्यातला प्रश्न रास्त आहे. लॅबमधल्या मशिनवर, वीजबिल विभागाचं असताना, आधी लेखी परवानगी घ्या. नाइस १९ मुळे इतरांचं काम अडत नाही, पण प्रोसेसर पूर्ण क्षमतेने तापतोच.

या सगळ्यातून काय हाती लागलं, असं विचाराल तर ठोस उत्तर आहे. आइनस्टाइन ॲट होमने २०१० मध्ये एक नवा पल्सार जाहीर केला. तो पकडला होता आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका स्वयंसेवकाच्या संगणकांनी. हाच प्रकल्प लायगोच्या डेटात सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरीही शोधतो, त्यामुळे हिंगोलीच्या वेधशाळेची वाट बघणाऱ्यांनी तो आवर्जून बघावा.

आणि सेटी ॲट होम? ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं. वीस वर्षांत लाखो घरांतून आलेले निकाल साचले होते. ते चाळून त्यातले दखल घेण्याजोगे संकेत निवडण्याचं काम मात्र घरोघरच्या संगणकांवर होणारं नव्हतं, कारण त्यासाठी सगळे निकाल एकत्रच समोर लागतात. ते झालं हॅनोव्हरच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या ॲटलास नावाच्या एका क्लस्टरवर.