कलमांच्या पाट्या : नाव दहा पावसाळे टिकायचं तर शाईने लिहू नका

बागेत कुठलं झाड कुठल्या जातीचं, हे बहुतेक घरांत एकाच माणसाला माहीत असतं. ज्याने कलमं लावली त्याला. तो गावात नसला, किंवा वयामुळे विसरायला लागला, की "विहिरीकडचा तिसरा रत्ना की केसर?" या प्रश्नाला घरात उत्तर नसतं.

रोपवाटिकेतून कलम आणताना त्याला एक चिठ्ठी असते. पण कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात कागदाची चिठ्ठी पहिल्या श्रावणापर्यंतही टिकत नाही. मग शेतकरी पत्र्याचा तुकडा घेतात आणि त्यावर मार्करने नाव लिहितात. पुढच्या मे महिन्यापर्यंत पत्रा तसाच लटकत असतो, नाव मात्र उडालेलं असतं. पत्रा टिकतो, शाई टिकत नाही. म्हणून पत्र्यावर नाव लिहायचं नाही, कोरायचं.

नाव चुकलं तर काय बिघडतं?

आंब्याचं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दाखवू लागतं. तोपर्यंत हापूस, रत्ना, सिंधू ही झाडं शेजारी उभी केली तर नवख्या माणसाला ओळखता येत नाहीत. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूस यांचा संकर. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून ही जात १९८१ मध्ये आली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये सिंधू आली. काजूचंही तसंच. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ लहानपणी पानावरून वेगळी सांगणं कठीण.

खरं नुकसान पुढे होतं. चांगलं धरणारं झाड म्हणून त्याच्या काड्या कलमासाठी काढल्या आणि झाडच भलतं निघालं, तर ती चूक पाच-पन्नास नव्या कलमांत जाते आणि कळायला पुन्हा चार-पाच वर्षं लागतात.

पत्रा कुठला घ्यायचा?

ॲल्युमिनियम सगळ्यात सोयीचं. ते गंजून लाल होत नाही, मऊ असतं, कात्रीने कापता येतं. स्लायडिंग खिडक्या किंवा फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्यांकडे पातळ तुकडे मिळतात. काहीच नसेल तर कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कापा. तो फार पातळ असतो, म्हणून दुहेरी घडी घाला आणि कडा आत दुमडा. कापलेली कड ब्लेडसारखी असते, हाताला फडकं गुंडाळूनच काम करा.

तेलाच्या डब्याचा किंवा झाकणाचा पत्रा नको. कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत अक्षरं खाऊन टाकतो.

स्टेनलेस स्टीलची पट्टी सगळ्यात टिकाऊ, पण ती हाताने कोरता येत नाही. त्याला सोपा उपाय आहे. तालुक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मशिनने भांड्यांवर नावं घालून देतात. पट्ट्या कापून आणि भोकं पाडून तिथे घेऊन जा. जपायच्या मोजक्या झाडांसाठी, विशेषतः ज्यांच्या काड्या घेता त्यांच्यासाठी, एवढा खर्च करायला हरकत नाही.

नाव कसं कोरायचं?

१. पत्र्याची बोटभर रुंद, चार-पाच बोटं लांब पट्टी कापा. कोपरे गोल करा. एका टोकाला खिळ्याने भोक पाडा.

२. खाली वर्तमानपत्राची जाड घडी किंवा जुनी रबरी चप्पल ठेवा. फरशीवर ठेवून लिहिलं तर अक्षर खोल उमटत नाही.

३. शाई संपलेलं बॉलपेन घ्या आणि दाबून, सावकाश लिहा. दोनदा गिरवा. पत्रा जाड असेल तर खिळ्याच्या टोकाने ठिपके मारत अक्षर काढा.

४. अक्षर ठळक दिसायला हवं असेल तर त्यावर काळा ऑइल पेंट चोळा आणि लगेच फडक्याने पुसा. रंग खाचेत राहतो. पुढे तो गेला तरी खाच राहतेच.

झाडं शेकड्याने असतील तर हार्डवेअरच्या दुकानात अंकांचे पोलादी पंच मिळतात. हातोडीने एकेक आकडा ठोकायचा. या संचात बहुधा ६ आणि ९ साठी एकच पंच असतो. उलटा धरला की ६ चा ९ होतो. म्हणून आकड्याच्या खाली एक ठिपका मारायची सवय ठेवा, नाहीतर ६६ कुठलं आणि ९९ कुठलं यावरून घरात वाद होईल.

घाईच्या वेळी साधी मऊ पेन्सिलही चालते. पत्रा आधी पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा, मग लिहा. पेन्सिलीचं शिसं मार्करसारखं उन्हाने उडत नाही.

बांधायची कशी?

इथे चूक झाली तर झाडाला इजा होते. खोडाला घट्ट बांधलेली तार झाड जाड होत जाईल तशी सालीत रुतते. सालीतून खाली जाणारं अन्न अडतं आणि झाड हळूहळू मागे पडतं. म्हणून पाटी खोडाला नको, बाजूच्या फांदीला बांधा. वेढ्यात चार बोटं सहज जातील एवढी ढील ठेवा. दरवर्षी आंबा उतरल्यावर, पावसाच्या आधी, एक फेरी मारून वेढे सैल करा.

ॲल्युमिनियमच्या पाटीला लोखंडाची किंवा उघडी तांब्याची तार लावू नका. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम भोकापाशी झिजतं आणि पाटी गळून पडते. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. ॲल्युमिनियमचीच तार घ्या, नाहीतर प्लास्टिकचं आवरण असलेली विजेची वायर वापरा. झाडात खिळा मारू नका. जखमेतून कीड-कुज शिरते.

कलम लहान असताना शेजारी खुंटी ठोकून त्यावर पाटी लावा. सगळ्या झाडांना एकाच बाजूला, म्हणजे ग्रासकटर मारणाऱ्या गड्याला ती कुठे आहे हे ठाऊक राहील.

एक गोष्ट विसरू नका. कलम वरचं मेलं आणि खालून रायवळ फुटलं, तर पाटी हापूसची आणि झाड रायवळ अशी गत होते. जोडाच्या खालची फूट वेळच्या वेळी काढा आणि कलम बदललं की पाटीही बदला.

पाटीवर काय, वहीत काय?

पाटीवर थोडकंच लिहा : ओळ आणि झाडाचा क्रमांक, जात, लागवडीचं वर्ष. उदाहरणार्थ "३-७ रत्ना २०२४". रोपवाटिकेचं नाव, पावती, सांधणी कधी केली, पहिलं फळ कधी आलं, हे वहीत.

वहीच्या पहिल्या पानावर बागेचा कच्चा नकाशा काढा. गेट कुठे, विहीर कुठे, पहिली ओळ कुठल्या बाजूने मोजायची, हे त्यात हवं. मग मोबाइलवर आधी पाटीचा आणि लगेच झाडाचा फोटो काढा, आणि तो घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. वानर पाटी ओढून नेतं, वणव्यात ती वितळू शकते. अशा वेळी वही कामाला येते.

जुनी पाटी काळी पडून वाचता येत नसेल तर फेकू नका. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं नाव कागदावर उमटतं.

यंदा नवीन कलमं आणणार असाल तर पाट्या आधीच करून ठेवा आणि टेम्पोत भरण्यापूर्वी रोपवाटिकेतच बांधा. आणि जुन्या झाडांची नावं ज्यांना माहीत आहेत, त्या घरातल्या जाणत्या माणसाला एक दिवस बागेत घेऊन जा. ते सांगतील, तुम्ही कोरा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.