खाऱ्या पाण्याचे लघु जलजीवालय : जलाभिसरण व प्राणवायुपुरवठा

काचेच्या पेटीत समुद्राचे अथवा तत्सम बनविलेले खारे पाणी भरून त्यात सागरी मासे, झिंगे, समुद्रपुष्पे इत्यादी प्राणी जिवंत राखण्याच्या व्यवस्थेस खाऱ्या पाण्याचे जलजीवालय म्हणतात. पाणी दोनशे लिटरांहून कमी असल्यास ते व्यवहारात लघु समजले जाते. प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेतील पाण्याचे चलनवलन व प्राणवायूचा पुरवठा या अंगांचा प्रामुख्याने विचार केला असून, तो मुख्यत्वे बल्लारपूर व चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखास अनुलक्षून आहे; कारण समुद्र जेथून कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे आणि भर उन्हाळ्यातील नवतपात पारा ४५° से. ओलांडतो, तेथे किनाऱ्यावर अनायासे साधणारी गोष्ट हिशेबाने साधावी लागते.

इतिहास : लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडले व पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने या छंदास नाव मिळवून दिले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये केवळ हवेचे बुडबुडे व सजीवांनी व्यापलेले सागरी खडक यांच्या आधारे चालणारी पद्धती प्रसिद्ध केली.

पाण्यातील प्राणवायूचे मान : पाणी जसजसे तापते व जसजसे खारट होते, तसतशी त्याची प्राणवायू धारण करण्याची शक्ती घटते. संपृक्तावस्थेत २०° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर सहस्रांशी ३५ क्षारतेच्या समुद्रजलात ७.४; ३०° से. ला हेच आकडे अनुक्रमे ७.६ व ६.२ होतात. ६० × ३० × ३० सें.मी. मापाच्या पेटीत वाळू व खडक वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी उरते असे धरल्यास, ३०° से. ला त्या सबंध पाण्यात अवघा २८० मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, म्हणजे साधारण एक लिटर हवेत असतो तितकाच. लघु जलजीवालयाचे सारे दौर्बल्य या एका आकड्यात आहे. गंगाजळी इतकी तुटपुंजी असल्यामुळे आवक क्षणभरही थांबून चालत नाही. शिवाय या शिलकेवर केवळ माशांचाच हक्क नसतो. विष्ठा व उरलेले अन्न यांपासून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू अमोनियातील दर ग्रॅम नायट्रोजनामागे सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू खर्च करतात, आणि दिवे मालवल्यावर शैवालही दात्याचे याचक होते. त्यामुळे रात्रीच्या अखेरच्या प्रहरी शिल्लक किमान असते. या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांवर जाळे टाकणाऱ्या धीवरांस ही गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागले की पाणी ‘धोक्यात’ असल्याचे ते ओळखतात. काचेच्या पेटीतही हेच लक्षण खरे धरावे.

पृष्ठभाग : प्राणवायूची मुख्य आवक पाणी व हवा यांच्या सीमेवरून होते. म्हणून समान घनफळाच्या पेट्यांत उथळ व लांब पेटी श्रेष्ठ होय : वर दिलेल्या पेटीचा पृष्ठभाग १,८०० चौ. सें.मी., तर तीच उभी केल्यास ९००. पृष्ठभागावर साचणारा स्निग्ध पदार्थांचा पातळ पापुद्रा या देवघेवीस आडकाठी करतो. पंपाचे तोंड किंचित वर वळवून पृष्ठभाग सतत डहुळत ठेवणे, किंवा वरचे पाणी ओसंडून खालच्या टाकीत पडेल अशी तजवीज करणे, हे त्यावरचे उपाय. काचेचे घट्ट झाकण वर्ज्य. मासा उडी मारील ही भीती असल्यास जाळी ताणावी.

हवापंप व एअर स्टोनमधून निघणारे बुडबुडे पाण्यात किती प्राणवायू प्रत्यक्ष सोडतात याविषयी छांदिष्टांत मतभेद आहेत. तथापि उथळ पेटीत त्यांचे कार्य मुख्यतः तळाचे पाणी वर उचलून पृष्ठभागाशी आणण्याचे असते, असे मानण्याकडे कल आहे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नसल्याने ते बारीक राहतात व फुटताना तुषार उडवितात. त्यांचे मीठ काठावर व विजेच्या जोडण्यांवर साचते, ते नित्य पुसून काढणे आवश्यक आहे. प्रोटीन स्किमर हे उपकरण याच बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढते, आणि ओघाने पाण्यास हवाही देते.

प्रवाह : केवळ मासे असलेल्या पेटीत पाण्याच्या घनफळाच्या ताशी पाच ते दहा पट, व प्रवाळांच्या पेटीत वीस पट वा अधिक अभिसरण ठेवण्याचा प्रघात आहे, या आकड्यांस शास्त्रीय प्रमाणापेक्षा वहिवाटीचाच आधार अधिक. आकड्याहून दिशेस महत्त्व आहे. एकाच जोरकस धारेने समोरचा प्राणी झोडपला जातो आणि खडकांमागचा कोपरा निश्चल राहतो. तेथे गाळ बसून तांबूस-जांभळी बुळबुळीत साय धरते, व जाड वाळूच्या थरात प्राणवायू संपून काळे डाग दिसू लागतात. दोन लहान पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचे पंप) समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवून त्यांचे प्रवाह मध्ये परस्परांवर आदळतील असे केल्यास मोडता, दिशाहीन प्रवाह मिळतो. खडक भिंतीस टेकवू नयेत. मागून बोटभर वाट ठेवावी.

उष्णता : बल्लारपुरास प्राणवायूचा प्रश्न हा मूलतः उष्णतेचा प्रश्न आहे. येथील उन्हाळी हवा अत्यंत कोरडी असल्यामुळे, घरोघरी कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच येथे उपयोगी पडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता खर्ची पडते. बाहेरून उष्णता न आल्यास एवढ्याने १०० लिटर खारे पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरेल. पृष्ठभागावर तिरपा झोत टाकणारा लहान पंखा म्हणूनच दुहेरी काम करतो : पाणी निववितो व पृष्ठभाग हलता ठेवतो. मात्र वाफ होते ती केवळ पाण्याची, मीठ मागे राहते. सबब झालेली तूट खाऱ्या नव्हे, गोड्या व शुद्ध केलेल्या पाण्याने रोज भरून विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान राखावे. बंद खोलीत कूलर चालू असता हवा दमट होऊन पंख्याचा गुण उणावतो, याकरिता खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात हा उपाय निरुपयोगी, पण तेव्हा त्याची निकडही कमी असते.

वीज खंडित झाल्यास : घटावर चालणारा हवापंप सिद्ध ठेवावा. तोही नसल्यास लोट्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून धार पुन्हा पेटीत सोडीत राहणे हा उपाय साधा पण खात्रीचा आहे. खाणे मात्र त्या दिवशी बंद ठेवावे. बंदिस्त गाळणीत पाणी तासन्‌तास थबकल्यास आतील जीवाणू गुदमरून मरतात, म्हणून ती धुतल्यावाचून पुन्हा सुरू करू नये.

मापन : हंगेरियन रसायनज्ञ लायोश विंकलर यांची १८८८ मधील अनुमापन पद्धती आजही प्रमाण मानली जाते. कारखान्यांच्या सांडपाण्यातील जैव प्राणवायू-मागणीचे परीक्षण तिच्यावरच उभे राहिले आहे, आणि कागद उद्योगाच्या बल्लारपूर गावी प्रयोगशाळेत काम केलेल्यांस ती अपरिचित नसावी. लिटरमागे ५ मिलिग्रॅमांखाली मान गेल्यास तत्काळ उपाय योजावा. मापन पहाटे, दिवे लावण्यापूर्वी करावे. दुपारचा आकडा दिलासा देतो, परंतु त्यावर विसंबणे इष्ट नाही.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कठीण प्रवाळे व समुद्रघोडे संरक्षित असल्याने भारतीय किनाऱ्यावरून ते मिळविणे वा बाळगणे अपराध होय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम् येथे बंदिस्त पैदाशीतून वाढविलेले क्लाउन मासे हा निर्वेध पर्याय आहे.

प्रकाशयोजना : दिव्यांची उष्णता पाण्यात उतरू नये एवढे पाहावे.