जायफळाच्या कॉफीची कुळकथा

शिरूर तालुक्यात पाहुणा ओसरीवर टेकला की त्याला चहा घेणार का असं विचारत नाहीत, सरळ आधण ठेवतात. पाहुणाच हात वर करून म्हणतो, "चहा नगं वहिनी, डॉक्टरनं बंद केलाय." आतून उत्तर ठरलेलं, "मंग काफी टाकते जरा." चहा बाधतो आणि कॉफी बाधत नाही, हे आमच्या भागात कुणी कुणाला शिकवलेलं नाही. तरी ते सगळ्यांना पाठ आहे.

वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव, कोरेगाव भीमापासून आत वळलं की लागणारं. समाधीच्या दर्शनाला बाराही महिने माणसं येतात आणि त्यांच्यासाठी चहा उकळत असतो. कॉफी असते ती टपरीच्या दोरीला लटकणाऱ्या पुड्यांच्या माळेत, मागितली तर. घरात तिचा मान थोडा वरचा. पातेल्यात निव्वळ दूध, पाणी असलंच तर भांडं विसळण्यापुरतं. दूध वर यायला लागलं की साखर, मग पूड. शेवटी सहाणेवर जायफळाचे तीन-चार वळसे, आणि ते बोटानं निपटून पातेल्यात. कॉफी कपात ओतेपर्यंत तिच्यावर साय धरते. पिणारा ती बशीच्या कडेला सारतो किंवा आवडीनं आधी खातो. या पेयात कॉफी किती असते, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नाही. तोच धरून मागे गेलं तर मात्र येमेनपासून प्रशियापर्यंत हिंडावं लागतं.

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाचं. पण तिचं पेय म्हणून नाव झालं ते पंधराव्या शतकात, येमेनच्या सूफी फकिरांमुळे. रात्रभर जिक्र करायचा, नामस्मरणात डोळा लागू द्यायचा नाही, म्हणून ही मंडळी कॉफी पीत. हरिजागराला बसलेल्या कुठल्याही टाळकऱ्याला ही गरज समजावून सांगावी लागणार नाही. १५११ मध्ये मक्केच्या अधिकाऱ्यानं तिच्यावर बंदी घातली आणि बंदीला आधार म्हणून वैद्यांची साक्ष काढली. ती बंदी फार टिकली नाही, पण 'कॉफी प्रकृतीला चांगली की वाईट' हा वाद तेव्हापासून चालू आहे.

हिंदुस्थानातली तिची एक जुनी नोंद आहे एडवर्ड टेरी या इंग्रज पाद्र्याची. सर टॉमस रो याच्याबरोबर हा जहांगिराच्या छावणीत मांडूला आणि अहमदाबादला राहिला, १६१६ ते १६१९ या काळात. धर्माचे कडक लोक दारूऐवजी काळ्या बियांचं उकळलेलं पाणी पितात, असं तो लिहितो. ते चवीपेक्षा गुणालाच जास्त, पाण्याची चवही त्यानं फारशी बदलत नाही, पण पचनाला बरं, मनाला तरतरी आणणारं आणि रक्त शुद्ध करणारं, असं त्याचं मत. म्हणजे आपल्या मुलखात कॉफी कागदावर आली तीच औषधाच्या वेषात.

बियाणं रुजलं ते कर्नाटकात. बाबा बुडन या सूफी संतानं येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, ही गोष्ट सतराव्या शतकातली मानतात. सात बियांची खात्री कोण देणार, पण डोंगराला आजही त्यांचं नाव आहे. मोठे मळे उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या भांडवलावर. महाराष्ट्राच्या वाट्याला आला तो मेळघाटातला चिखलदरा. तिथे कॉफी पिकते, पण आपल्या पातेल्यात पडणारी पूड तिथली नसते. आपल्या पुडीचा इतिहास मुंबईत घडला आणि त्यात कॉफीइतकाच वाटा एका मुळाचा आहे.

ते मूळ चिकोरीचं. ही निळ्या फुलांची युरोपी वनस्पती. तिचं मूळ सुकवून, भाजून दळलं की कडसर, काळपट पूड होते, पाण्याला रंग आणि दाटपणा देते. कॅफीन मात्र त्यात औषधालाही नाही. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकला प्रजेचा पैसा परदेशी कॉफीवर जातो याचा राग होता. १७७७ मध्ये त्यानं फर्मान काढून लोकांना बिअर पिण्याचा सल्ला दिला, आणि पुढे कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेऊन, चोरून भाजणाऱ्यांचा वास काढत गल्ल्या फिरायला निवृत्त शिपाई नेमले. तिथल्या लोकांनी चिकोरी जवळ केली. फ्रान्समध्ये तेच नेपोलियनच्या काळात झालं. १८०६ पासून इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, तेव्हा मूळ भाजून भागवलं. नाकेबंदी उठली, कॉफी परत आली, तरी जिभेला लागलेली चव गेली नाही. टंचाईतली तडजोड अशी 'फ्रेंच कॉफी' या भारदस्त नावानं जगभर विकली जाऊ लागली.

तीच मुंबईत विकली पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी. लाडाचं नाव 'पॉली', त्यावरून साहेबी वळणाचं 'पॉल्सन'. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कॉफी दळून विकण्याचं छोटं दुकान त्यांनी थाटलं आणि चिकोरी मिसळलेली फ्रेंच कॉफी विकली. लोण्याचा धंदा मागाहून आला, १९३० मध्ये आणंदला डेअरी झाली, आणि आज पॉल्सन म्हटलं की जुन्या माणसांना लोणीच आठवतं. कुणाची मस्का-पॉलिश करायची तर 'पॉल्सन लावणं' म्हणत, ते त्याच लोण्यावरून. माझ्या मते मात्र मराठी घरांवर पॉल्सनचा खरा ठसा कॉफीचा आहे. कॉफी म्हणजे दाट, गडद, किंचित जळकट गोड वासाची काहीतरी वस्तू, ही जी आपली समजूत, ती बहुतांशी चिकोरीची चव आहे. नुसत्या कॉफीचा काढा दुधात घातला की आपल्याकडे हमखास म्हणतात, "पातळ झालीय."

नंतर कॉफीच्या वड्या आल्या. साखर आणि कॉफीची पूड दाबून केलेली चौकोनी वडी, कागदात गुंडाळलेली. गरम दुधात टाकली की झाली कॉफी. प्रवासाला, दवाखान्यात डबा न्यायला, रात्री अवेळी आलेल्या माणसाला सोयीची. बाटलीतली आणि पुडीतली इन्स्टंट कॉफी साठच्या दशकात हातपाय पसरू लागली तशा वड्या मागे पडल्या.

मधल्या काळात सरकारनंही कॉफी पाजायचा चंग बांधला होता. जागतिक मंदीत निर्यात ढासळली, माल पडून राहू लागला, तेव्हा १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवून देशातच गिऱ्हाईक तयार करायचं ठरलं. त्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. उडुपी हॉटेलांनी फिल्टर कॉफी माटुंग्यापासून पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यापर्यंत आणली. ही शहरातली कॉफी. गावातल्या पातेल्यावर तिचा फारसा परिणाम झाला नाही.

राहता राहिलं जायफळ. कॉफीत मसाला घालणं हा काही आपला अपराध नव्हे. अरब वेलदोडा घालतात, येमेनमध्ये कॉफीफळाच्या सालीचा काढा आल्याबरोबर उकळतात. जायफळ मूळचं बांदा बेटांचं. सतराव्या शतकात डच कंपनीनं त्याच्या मक्त्यासाठी तिथले रहिवासी कापून काढले. आता ते कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत वाढतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण सुगंधा' नावाची जातही काढली आहे. पण आपल्या घरात जायफळ ओळखलं जातं ते झोपेसाठी. श्रीखंडावर किसून घातलं की दुपारी पंगत आडवी होते, त्यात चक्क्याचाही हात असतो म्हणा. झोप उडवणाऱ्या बीमध्ये झोप आणणारं फळ उगाळायचं, हा उद्योग मराठी सुगरणीनं का केला? मला वाटतं, रोख दुधावर होता. दुधाला वेलदोडा किंवा जायफळ हवं, हा आपला जुना नेम, बासुंदीपासून मसाला दुधापर्यंत पाळलेला. कॉफीची पूड त्या दुधात नंतर येऊन पडली. शिवाय कॉफी उष्ण म्हणून तिला उतारा हवा, हीही एक घरगुती समजूत. वळसाभर जायफळानं कॅफीनचा उतारा होत नाही. उलट जायफळ जास्त पोटात गेलं तर ओकारी, धडधड आणि भ्रम होतो, म्हणून हात तीन-चार वळशांवरच थांबलेला बरा.

आता पाहुण्याच्या डॉक्टरांकडे वळू. वढू बुद्रुकला या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकारानं सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावच्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. १९९३ मध्ये डॉ. कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून आसपासच्या बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद ठेवली जाते. कुठल्या सवयीनं माणसाचं काय होतं हे कळायला असंच वर्षानुवर्षं तेच उंबरे झिजवावे लागतात.

कॉफीबद्दल जे मोठे अभ्यास झाले ते उंबरे युरोप-अमेरिकेतले. २०१७ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांवर माणसांचा एक अभ्यास आला. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलनं अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. रोज तीन-चार कप पिणाऱ्यांत यकृताचे विकार, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि एकूण मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. कॉफीमुळेच तसं झालं, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. कर्करोगाच्या यादीतल्या संशयितांतूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २०१६ मध्ये कॉफीला मोकळं केलं, मात्र ६५ अंशांवरचं कुठलंही कढत पेय संशयित ठरवलं. आपली बशीत ओतून निववायची सवय इथे नकळत शहाणपणाची ठरते.

वर्तमानपत्रात 'कॉफी प्या, यकृत सांभाळा' असा मथळा येतो तो त्या कपाबद्दल. आपला कप काय आहे? पुडीच्या मागे बारीक अक्षरात कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के, हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. अशी चमचाभर पूड दुधात गेली तर कॅफीन साधारण तीस-चाळीस मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं चहाच्या कपात ते तीस ते पासष्ट असतं. म्हणजे डॉक्टरनं चहा झोपेसाठी किंवा धडधडीसाठी बंद केला असेल, तर वहिनींची कॉफी पिऊन पाहुण्याचं फारसं काही वाचत नाही. साखरेसाठी बंद केला असेल तर उलट वाढतं, कारण कॉफी चहापेक्षा गोडच करायची असते. आणि ॲसिडिटीसाठी केला असेल तर कॉफीही अनेकांचं पोट तितकंच जाळते.

राष्ट्रीय पोषण संस्थेचीच सूचना आहे की जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोहाची बोंब आहे, आणि घरातल्या बाईचा निवांत कप नेमका पंगती उठल्यावरचा असतो. गरोदरपणी दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात, आपल्या पातेल्यानं ती मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. मात्र चहा मोजायला विसरायचं नाही.

घरगुती औषधं दोन. डोकं दुखलं की कोरी कॉफी, हे काही अंशी बरोबर आहे. शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन वेदनाशामक गोळीबरोबर गेलं तर काही जणांना जास्त आराम पडतो, म्हणून डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते घातलेलंच असतं. जुलाबावर कोरी कॉफी आणि लिंबू, हे मात्र सोडावं. कॅफीन आतड्याला आणखी पळवतं. साखर-मीठ-पाणी हाच उपाय.

तिसरं औषध घरातलं नाही, नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातलं आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ श्वास घ्यायला विसरतं, मध्येच थांबतं. त्याला कॅफीन सायट्रेट देतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. मोठ्या माणसाच्या अंगातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांत उतरतं, या बाळांच्या अंगात त्याला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे दिवसातून एकच मात्रा पुरते. बाळ घरी आलं की आजी सहाण काढते आणि त्याला झोप लागावी म्हणून जायफळ उगाळायला बसते. डॉक्टर म्हणतात, ते देऊ नका.