मुलांचे अर्थशिक्षण : मंगळवेढ्याच्या इतिहासातील काही धडे

मुलांच्या हाती पैसा टिकत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. तक्रार करणाऱ्या पालकांस आम्ही एकच प्रश्न विचारतो : पैसा हाताळावयास आपण त्यांस शिकविले केव्हा? पोहावयास शिकविण्यासाठी आपण मुलाच्या पाठीस भोपळा बांधतो. व्यवहार मात्र तो वयात आला की आपोआप शिकेल, असे धरून चालतो. आपल्या मंगळवेढ्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. येथील वाडवडिलांनी हे शिक्षण कधी दैवावर सोडले नाही.

याचे पहिले कारण येथील भूमी होय. मंगळवेढ्याची काळी जमीन रब्बीच्या ज्वारीची. परतीच्या पावसाने एकदा खोल ओल दिली की त्याच ओलीवर पीक उभे राहते. पाऊस हुकला तर वर्ष हुकले. म्हणून ज्वारीचे कोठार म्हणून ख्यात असलेला हा मुलूख दुष्काळाचाही मुलूख आहे. इ. स. १८७६-७७ चा व १९७२ चा दुष्काळ या भागाने पुरता भोगला आहे. अशा ठिकाणी सुगीचे धान्य हे एका वर्षाचे मानता येत नाही. पेवात किती घालावे, बियाण्यास किती राखावे, बलुत्याचे किती द्यावे, आणि उरले तर किती विकावे, हा हिशेब घरातील मुले डोळ्यांदेखत पाहत असत. नाणे हाती येण्यापूर्वीच त्यांना शिल्लक या शब्दाचा अर्थ कळलेला असे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस अभिमान आहेच. परंतु त्या ज्वारीने शिकविलेली काटकसर हे तिचे अधिक मोठे देणे होय.

दुसरा धडा बाराव्या शतकातला. कलचुरी राजा बिज्जळ याची राजधानी कल्याणास जाण्यापूर्वी मंगळवेढ्यास होती, आणि महात्मा बसवेश्वरांनी आपल्या सेवेचा आरंभ येथेच, राजभांडाराच्या हिशेबनिसाच्या कामापासून केला, असे परंपरा सांगते. ज्यांनी पुढे कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे जगास दिली, ते प्रथम जमाखर्च लिहीत होते, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. कायक म्हणजे श्रमाने मिळविणे. दासोह म्हणजे मिळविलेले समाजासाठी वेचणे. ज्यास आपल्या मिळकतीचा हिशेब ठाऊक नाही, त्यास दानाचाही हिशेब राहत नाही.

तिसरा धडा दामाजीपंतांचा. बहामनी अमदानीत दुष्काळ पडला असता त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांस खुली केली. बेदरच्या बादशहाने त्यांस पकडून नेण्याचा हुकूम सोडला. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारी भरली व रसीद घेतली. कथेतील चमत्कार सर्वांस मुखोद्गत आहे, पण ती रसीद कोणाच्या ध्यानात राहत नाही! साक्षात परमेश्वरानेही पैसे भरल्यावर पावती मागितली. दया करावी, पण लोकांची ठेव ती लोकांची, हे भान सुटू नये, असा या कथेचा व्यावहारिक अर्थ आम्ही घेतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्ही कर्तव्य समजतो. याच गावाचे कूस बांधताना, ते कोसळून इ. स. १३३८ मध्ये संत चोखामेळा व त्यांचे सोबती गाडले गेले. ज्यांच्या श्रमाचे मोलच समाजाने दिले नाही, त्यांस काटकसरीचा उपदेश करणे अन्यायाचे होय. बचतीचा पाठ आधी ज्यांच्या घरी शिल्लक आहे त्यांनी गिरवावा.

पंतोजींच्या शाळेत हे शिक्षण पाठांतरातून मिळे. १ रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे अथवा १९२ पै. तेव्हा पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत नसेल तर बाजारात उभे राहणे कठीण. दुकानदाराचा मुलगा संध्याकाळी वडिलांशेजारी बसून कीर्द लिही, तीवरून खतावणी करी, आणि शिल्लक जुळल्याखेरीज उठत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, हिशेब सोपा झाला. सोपा झाला म्हणून शिकविणेही सुटले.

न शिकविण्याची किंमत दख्खनने एकदा मोजली आहे. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा देण्याचा तो परिणाम होता. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस काही संरक्षण दिले. मंगळवेढे त्या वेळी सांगली संस्थानात होते. दरमहा शेकडा २ रुपये चक्रवाढ व्याजाने १०० रुपयांचे ३ वर्षांत सुमारे २०४ रुपये होतात. हे एकच गणित ज्यास येते, तो अंगठा देण्यापूर्वी थांबतो. आज अंगठा कागदावर न उठता भ्रमणध्वनीवर उठतो, एवढाच काय तो फरक! दरमहा शेकडा ३ दराने तर ते कर्ज २ वर्षांतच दुप्पट होते.

उपाय दूर नाहीत. डाकघर बचत बँक १८८२ पासून आपल्या देशात आहे. १० वर्षांवरील मुलांस स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा देण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून स्वकष्टाने शिकण्याचा मार्ग दाखविला. श्रमाची कमाई मूल जपून खर्च करते, हा अनुभव त्यामागे होता.

ज्ञातिबांधवांस आमची विनंती इतकीच, की येत्या पाडव्याच्या वहीपूजनात घरातील प्रत्येक मुलामुलीच्या नावाची एक छोटी वही मांडावी. तीत मिळालेला पैसा, खर्च, शिल्लक व दिलेले दान, असे चार रकाने असावेत. मुलींची वही आवर्जून मांडावी. संसाराचा हिशेब ज्यांच्या माथी येतो, त्यांस तो शिकविण्यात आजवर फार हयगय झाली आहे. महिन्याने एकदा वडिलधाऱ्यांनी ती पाहावी, चुकीबद्दल रागावू नये, आणि आपली वहीही मुलांपुढे उघडावी. जो बाप आपले कर्ज मुलापासून लपवितो, तो त्यास हिशेब शिकवू शकत नाही.

दामाजीपंतांच्या गावची मुले कोठार भरावयास, राखावयास आणि वेळ येताच उघडावयास शिकोत, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.